बिजागरीकडून उघडलेलं दार

माघ लागला की भाईंदर पूर्वेच्या आमच्या गल्लीत सुक्या बोंबलांचा वास येतो. गेटाबाहेर एक बाई पाटी घेऊन बसते. माल नवा, अजून पुरता कडक न झालेला. त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. माझी मुलगी सायली घरूनच ऑफिस करते. ती हेडफोनचा एक कान उचलून म्हणते, "आई, खिडकी लाव ना, माझा कॉल चालू आहे." जणू पलीकडच्या माणसालाही वास जाणार आहे. मी खिडकी लावते, आणि ती बोलण्यात गुंतली की पुन्हा उघडते. दर माघात आमचं हे असं चालतं.

आज मी ती खिडकी सकाळपासून किती वेळा उघडली असेल देव जाणे. चहा टाकला आणि गाळायचा विसरले. भाजी निवडायला घेतली, तर देठं ताटात आणि पानं कचऱ्यात गेली. सायली म्हणाली, "काय झालंय तुला? बस ना एका जागी." एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही, पण आजचं कारण वेगळं आहे. सकाळी भारतीचा फोन येऊन गेला.

भारती बालवाडीची बाई आहे. मुर्धा-राईच्या रस्त्यानं पुढे गेलं की खाडीला धरून एक गाव लागतं, तिथे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथला तंटा कधीचा निजलाय, उगाच नाव घेऊन कशाला उठवायचा. तर त्या गावात आता टॉवर झालेत आणि एका टॉवरच्या तळमजल्यावर भारतीची बालवाडी भरते. खोलीला दोन दारं. पुढचं सोसायटीच्या आवारात उघडतं, मागचं जुन्या गावाच्या बोळात. काल सोसायटीनं मागच्या दाराला कुलूप घातलं. सेक्रेटरी तिला म्हणाले, "मॅडम, सिक्युरिटी का इश्यू है." कोळीवाड्यातल्या पोरांनी आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालून, गेटावर नाव सांगून यायचं. तीन-चार वर्षांची पोरं ती. आज सकाळी बोळातलं एकही पोर आलं नाही.

"मॅडम, काय करू?" भारतीनं विचारलं.

"बघते," असं म्हणून मी फोन ठेवला. काय बघणार होते, मलाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, आणि खालून तो वास येतोय.

वास तोच आहे. आमचं केंद्र ह्याच वासात चालायचं. एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र होतं ते. गावातल्या मुली तिथे बालवाडीचं शिक्षण घ्यायच्या आणि तरुण मुलगे सुतारकाम, वायरिंग शिकायचे. मी मुलींना शिकवायचे, देवरे सर मुलग्यांना. जागा म्हणजे मिठागराचं जुनं गोदाम. मीठ पिकवणं थांबून किती वर्षं झाली होती, तरी भिंती खारट होत्या. रंग लावला की महिन्यात पोपडे. खडूनं फळ्यावर लिहावं तर अक्षर ओलसर उमटायचं. मी परभणीकडची, कोरड्या हवेत वाढलेली. पहिल्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या सुती साड्यांना एक चिकट थंडावा आला, तो गेलाच नाही.

गोदामालाही दोन दारं होती. एक वरच्या पाड्याकडे, एक खालच्या. वरचा पाडा भातशेतीवाल्यांचा, खालचा मच्छीमारांचा. मधून एक पायवाट होती, धक्क्यापर्यंत जाणारी. ती जायची वरच्या पाड्याच्या जमिनीतून, पण पाय पडायचे खालच्या पाड्याचे. कोणाच्या आज्याच्या वेळेपासून ते तसंच चाललं होतं. मग बिल्डर आला. वरच्यांनी जमीन द्यायचं ठरवलं, वाटेवर निळे पत्रे ठोकले गेले आणि भांडणाला तोंड फुटलं. खालच्यांचं म्हणणं, आमची वाट गेली. वरच्यांचं म्हणणं, आमची जमीन आम्ही विकू नाहीतर पेरू. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं. एक खोटा असता तर एव्हाना कोणीतरी कोणाचे कान धरले असते.

एक दिवस दगड पडले. पत्र्यांवर पडले तेव्हा सगळ्या खाडीला ऐकू गेले. पोलिसांची गाडी वडाखाली उभी राहू लागली. मग वरच्यांच्या पंचांनी बसून ठरवलं, की वरच्या पाड्याचा पाय खालच्यांच्या वाटेवर पडणार नाही आणि बोलणं बंद. खालच्यांनी त्याच संध्याकाळी तेच ठरवलं. भांडणात एवढा एकोपा मी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि आमचं गोदाम बरोबर मध्ये. सकाळी कोणतं दार आधी उघडायचं, हाच रोजचा प्रश्न. वरचं आधी उघडलं तर खालून निरोप यायचा, मॅडम त्यांच्या झाल्या. खालचं उघडलं तर उलट. शेवटी मी एका दाराशी आणि देवरे सर दुसऱ्या दाराशी उभे राहायचो आणि मी ओरडायचे, "उघडतेय." ते म्हणायचे, "उघडा." दोन्ही कड्या एकदम निघायच्या. परीकथेतल्यासारखं हास्यास्पद होतं ते, पण त्याला हसायची आमची हिंमत नव्हती. देवरे सर तर एरवीही हसत नसत. धुळ्याकडचा माणूस, लाकडाशी जास्त बोलायचा. स्क्रू काढायचं डिसमिस पोरं वापरून कुठेही टाकायची, तेवढ्यावरूनच काय तो त्यांचा आवाज चढायचा.

वरच्या पाड्यानं एकदा एक नवाकोरा माठ पाठवला. आमच्या पोरींसाठी वेगळा, म्हणे. माणूस आणून ठेवून गेलासुद्धा. मी त्या माठाकडे बघत उभी राहिले. माझ्या आईनं तिच्या गावी वेगळ्या पाणवठ्यावरून पाणी भरलेलं आहे. ती म्हणायची, पाणी वेगळं झालं की माणसं वेगळी व्हायला वेळ लागत नाही. इथे जातीचा प्रश्न नव्हता, मला कळत होतं. तरी मला राग आला, तो आजही आठवला तरी येतो. मी त्या माठात शंखशिंपले भरले आणि मोजणी शिकवायला वर्गात ठेवला. निरोप पाठवला, माठ चांगला आहे, वापरतोय. खोटं तर नव्हतं.

खालच्यांच्या वलांड्या दिसायच्या आमच्या दारातून. वलांडी म्हणजे बांबूंची उभी-आडवी मांडणी, तिच्यावर बोंबील जोडीजोडीनं अडकवून सुकवतात. ऊन तिरपं झालं की हजारो बोंबील एकदम चकाकायचे. मुली पाठ लिहिता लिहिता तिकडे बघत राहायच्या आणि मी रागवायचे, मग मीही बघायचे. वारा उत्तरेचा असला की कागद उडायचे, प्रत्येक कागदावर एक शिंपला ठेवावा लागायचा. आजही माझ्या घरी कागदावर ठेवायला शिंपलेच आहेत. सायलीला वाटतं ती शोभा आहे.

आमचं वेळापत्रक समुद्रावर चालायचं. हे मला तिथल्या बायकांनीच पहिल्या महिन्यात बजावलं होतं. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळी लागतात, गडी समुद्रात असतात आणि बायकांना मासळीपुढे मान वर करायला फुरसत नसते. मधले दिवस भांगाचे. पाणी सुस्त, होड्या धक्क्याला. म्हणून आमचे वर्ग भांगात. उधाणात सुट्टी. मला ही व्यवस्था फार आवडायची, शिकवताना मी ती लोकांना मिरवून सांगायचे.

भांडण सुरू झाल्यावर सुद्धा आम्ही तेच वेळापत्रक चालवलं. आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही की भांगाच्या दिवसांत खालचे सगळे गडी घरी असतात, रिकामे असतात, चौकात बसलेले असतात. दगड भांगातच पडायचे. पोलीस भांगातच यायचे. म्हणजे ज्या दिवशी गावाचं डोकं सगळ्यात गरम, त्याच दिवशी आम्ही दोन्ही दारं उघडून सगळ्यांना एका गोलात बसा म्हणत होतो. उधाणात गाव शांत असायचं आणि आम्ही कुलूप लावून घरी बसायचो. शहाण्यासुरत्या माणसांचा हा कारभार.

संस्थेचा फोन आला तो असाच एका भांगात. शेवटचा सराव पाठ जवळ आला होता. शिकाऊ बाईनं परीक्षकांसमोर प्रत्यक्ष मुलांना शिकवून दाखवायचं, त्यावर तिचं प्रमाणपत्र. संस्थेतल्या बाई मला म्हणाल्या, "दोन्ही पाड्यांची मुलं एका वर्गात बसणार असतील तरच तिथे पाठ घ्या. नाहीतर केंद्र बंद करू आणि मुलींना ठाण्याच्या केंद्रात पाठवू. आम्हाला एका बाजूचं केंद्र चालवायचं नाही." त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं त्या हिवाळ्यात.

भारती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. खालच्या पाड्याची, हाताला सदा मासळीचा वास आणि नखांत सदा खडू. मुलांशी बोलताना जमिनीवर पालथी पडायची, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी अशी शिकवणारी बाई आधी पाहिली नव्हती. तिच्या वडिलांना मी भेटायला गेले. ते जाळं विणत होते, वर बघितलं नाही.

"इथं शिकवताव तवर शिकू दे," ते म्हणाले. "ठान्याला न्हाय पाठवाचा."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"न्हाय."

भारती दारामागे उभी होती. मला पोचवायला वाटेपर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, पाठ इथंच झाला पायजे. न्हायतर माजं संपलं." एवढंच बोलली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

परीक्षक बाईंनी दिलेली तारीख नेमकी उधाणातली निघाली. पुनव होऊन गेली होती, समुद्र भरलेला. मी विनवण्या केल्या, त्यांना दुसरा दिवस नव्हता. आम्ही डोक्याला हात लावला. मुलं आणणार कोण? आया मासळीत. वरच्या पाड्याची मुलं तर तशीही येणार नव्हती. देवरे सर रंधा मारत म्हणाले, "येतील ती येतील." मला त्यांचा राग आला. इकडे आड तिकडे विहीर आणि ह्या माणसाचा रंधा थांबत नाही.

पाठाच्या दिवशी सकाळी गेले तर वरच्या दाराला बाहेरून साखळी आणि साखळीला मोठं पितळी कुलूप. पंचांनी घातलं होतं. बरोबर निरोप, कुलपाला कोणी हात लावायचा नाही. मी खालच्या दारानं आत आले आणि बाकावर बसले. खरं सांगते, मी हरले होते. भारती तिच्या शिंपल्यांची टोपली मांडत होती, जणू काही झालंच नाही, फक्त दोनदा शिंपला टोपलीबाहेर पडला.

देवरे सर आले. दाराकडे बघितलं, फटीतून कुलूप बघितलं. मग त्यांनी आपली पोरं बोलावली. दोन-तीन वरची होती, खालच्या शेतातून लपून आलेली, बाकी खालची. त्यांना दाराच्या आतल्या बाजूला उभं केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आजचा धडा बिजागरी. गंजलेला स्क्रू जोर लावून निघत नाही. आधी खोबरेल तेल. मग थांबायचं. मग डिसमिस."

मी उठून उभी राहिले. "सर, कुलपाला हात लावायचा नाही म्हणालेत."

"कोण लावतंय कुलपाला हात?" ते म्हणाले.

तेल सोडलं. थांबले. ते थांबणं मला सोसवेना, मी गोदामात येरझाऱ्या घालत होते आणि परीक्षक बाई कधीही पोचणार होत्या. सर मात्र स्टुलावर बसून पोरांना लाकडाचे प्रकार सांगत होते. मग एकेक स्क्रू निघाला, दार बिजागरीकडून सुटलं आणि पोरांनी ते धरून बाहेरच्या भिंतीशी तिरकं टेकवलं. साखळी तशीच. कुलूप तसंच, बंद, कुणाचा स्पर्श न झालेलं. वरच्या पाड्याकडून ऊन आत आलं आणि भारतीच्या टोपलीपर्यंत पसरलं.

तेवढ्यात त्या उन्हात हिराबाई येऊन उभी राहिली. वरच्या पाड्यातली म्हातारी, पंचांतल्या एकाची सख्खी आई. डोक्यावर रिकामी पाटी, दोन्ही हातांना दोन नातवंडं, मागे आणखी चार-पाच बायका आणि पोरांचं लेंढार. भांडणाआधी ह्याच बायका उधाणात खाली उतरायच्या, बोंबील निवडायला, वलांडीवर चढवायला, आणि वाट्याची मासळी घेऊन घरी जायच्या. यंदा कोणी उतरलं नव्हतं. खाली मासळीचे ढीग पडले होते आणि हात कमी होते. वरच्या पाड्यातल्या घरांच्या दारांतून ते दिसत होतं.

"बाय, ते बोंबील नासतान," हिराबाई मला म्हणाली. "मना डोल्यानं बगवत न्हाय."

"पण बंदी आहे ना, आजी?"

"वाटंनं जावाची बंदी हाय. शालेतून जावाची कोनी घातली?" मग तिनं नातवंडं पुढे ढकलली. "हे तुजेकडं ऱ्हातील. मासलीन पोरं पायान येतान."

मी काही बोलायच्या आत भारती पुढे झाली, तिनं त्या मुलांचे हात धरले आणि गोलात बसवलं. खालची मुलं आधीच बसली होती. वरच्या एका मुलीनं खालच्या एका मुलाला बघून, "तू कुटं व्हतास इतके दिस?" असं विचारलं, आणि त्यानं तिला आपला शिंपला दाखवला. पंचांचा ठराव त्यांच्यापर्यंत कुणी नीट पोचवलाच नव्हता.

परीक्षक बाई आल्या तेव्हा पाठ सुरू झालेला. विषय लहान-मोठं. आणि वर्गाच्या मधून, एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, बायकांची ये-जा चाललेली. रिकाम्या पाट्या जात होत्या, भरलेल्या परत येत होत्या. भारतीनं एकदाही त्यांना थांबवलं नाही. बाई आली की ती म्हणायची, "रस्ता द्या," आणि मुलं गोल उघडायची, बाई गेली की मिटायची. मग विचारायची, "मोठी पाटी गेली की लहान?" मुलं ओरडून सांगायची. खालच्या पाड्याच्या बायका वलांडीजवळ उभ्या होत्या. हिराबाई पोचली तशी एकीनं सरकून तिला जागा दिली आणि तिचे हात चालायला लागले. मी दारात उभी राहून ते बघत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती, खाऱ्या वाऱ्याचं निमित्त करायलाही सुचलं नाही.

परीक्षक बाई पाठ संपल्यावर म्हणाल्या, "वर्गावर नियंत्रण नाही." त्या चष्मा पुसत राहिल्या. "पण मूल एकही रडलं नाही. पास करते."

त्यानंतर गावात सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं मी लिहिलं तर भारती मला हसेल. पंच चिडले. हिराबाईचा मुलगा आईशी बरेच दिवस बोलला नाही, ती म्हणायची, शांत वाटतं. दार पुन्हा बसवलं गेलं. पण उधाण आलं की देवरे सर सकाळी म्हणायचे, "बिजागरी जरा कुरकुरतेय," आणि दार उतरवून दुरुस्तीला घ्यायचे. आमचे वर्ग आम्ही भांगातून उधाणात आणले. वाटेचा निकाल लागायच्या आधीच दोन्ही पाड्यांनी थोडीथोडी करत जमीन विकली. ज्या वाटेवरून दगड पडले ती आता टॉवरच्या पार्किंगखाली आहे. गोदाम पाडलं तेव्हा मी गेले नाही. मला ते बघवलं नसतं.

आणि आता पुन्हा दोन दारांची एक खोली, पुन्हा कुलूप. सकाळपासून मला हेच टोचतंय. इतकं सगळं करून आपण पुन्हा त्याच दारात येऊन उभे. आता तर समोर पंचही नाहीत, दगडही नाहीत. सेक्रेटरी साधा माणूस आहे, त्याला खरंच पोरांची काळजी असेल, टॉवरमधल्या पोरांची. अशा माणसाशी भांडायचं कसं? आणि माझे गुडघे असे, जिना उतरायला सुद्धा कठडा लागतो.

दुपारी मी देवरे सरांना फोन लावला. ते आता गावी असतात, आवाज क्षीण झालाय. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दार लोखंडी की लाकडी?"

"लाकडी. भारती म्हणत होती, बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत."

"मग एवढ्या घाबऱ्या का झालात? फक्त घाई करू नका, मॅडम. तुम्ही फार घाई करता."

मी कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढला. गोदाम आवरताना सरांनी त्यांचं डिसमिस मला दिलं होतं, लाकडी मुठीचं, मूठ हातानं गुळगुळीत झालेली. इतकी वर्षं ते शिंपल्यांखाली पडून होतं. पर्समध्ये टाकलं तर टोक बाहेर येत होतं, म्हणून वर रुमाल ठेवला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघितली. उधाण होतं. बोळातल्या बायका आज मासळीत असणार आणि पोरं पायात येत असणार.

सायली म्हणाली, "कुठे चाललीस?"

"भाजी आणायला."

"सकाळीच आणलीस ना?"

"तिची पानं टाकून दिली मी," म्हटलं आणि चप्पल घातली.

जिन्यातच भारतीला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "मॅडम, कुलपाचं काय करू?"

"कुलपाला हात लावू नकोस," मी म्हटलं. "खोबरेल तेल आहे का तुझ्याकडे? थोडं बिजागरीवर सोडून ठेव. मी येतेय."